कित्ता नावाचा माणूस

माझ्या घरमालकिणीचे सासरे बसल्या जागेवरून न उठता रोज पाच-सहा कोस चालत असत. यात अतिशयोक्ती असलीच तर ती माझी नाही, त्यांच्या पायांची आहे. ओसरीच्या कडेला बसायचं, दोन्ही पाय खाली सोडायचे, उजवा दाबला की डावा उचलायचा, डावा दाबला की उजवा, असा त्यांचा उद्योग सकाळी सूर्याबरोबर सुरू होई. पाहुणा आला, पाय चालू. पाहुणा कंटाळून गेला, पाय चालू. गावातल्या एका मयताला गेले असताना सगळे खाली मान घालून बसले होते आणि यांचे पाय चालूच, तेव्हा मयताच्या भावानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "आता तं थांबा जी." ते थांबले, पण घाम फुटला बिचाऱ्यांना. ओसरीखालच्या जमिनीत त्या पायांनी दोन वाटोळे खळगे पाडले होते. पावसाळ्यात त्यात पाणी साचे आणि त्यांची सून तिथं कोंबड्यांना पाणी पाजी. "मामाजीनं कोंबड्याइले दोन वाट्या घडवून देल्या," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मामाजी म्हणायचा हक्क खरा तिचा एकटीचा. पण दिवसातून इतक्या वेळा ती हाक गावाच्या कानावर पडे की लहानथोर सगळेच त्यांना मामाजी म्हणू लागले होते. मीही म्हणू लागलो.

मी त्या गावात मास्तर म्हणून गेलो तेव्हा देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. सिंदेवाहीच्या स्टेशनावर छोट्या गाडीतून उतरायचं आणि चार कोस बैलबंडीनं जायचं. चहूकडे धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल आणि गावाच्या उशाशी एक काळा उंचवटा. मला वाटलं, जळक्या विटांचा ढीग असेल. वर चढून पाहिलं तर पायाखाली काचेसारखे काळे, वितळून गोठलेले खडे. ती लोखंडाची मळी होती. गावात एके काळी लोखंड गाळण्याच्या भट्ट्या होत्या. डोंगरातला दगड, जंगलातल्या लाकडाचा कोळसा, पुरुषभर उंचीची मातीची भट्टी आणि तिच्या पोटात वारा घालायला कातड्याचे दोन भाते. त्या भात्यांवर माणूस उभा राहून आळीपाळीनं पाय दाबत राही. दिवसभर दाबला की संध्याकाळी भट्टीचं तोंड फोडून लोखंडाचा एक गोळा बाहेर ओढत. मग जंगल सरकारचं झालं, कोळसा पाडायला बंदी आली आणि आगगाडीनं विलायती लोखंड बाजारात आणून ओतलं. भट्ट्या विझल्या तेव्हा मामाजी तिशीचे होते. म्हणजे भात्यावर त्यांनी पंधरा-सोळा वर्षं काढली असतील आणि भात्यावाचून चाळीसच्या वर. भट्टी विझल्याची बातमी त्यांच्या पायांना कोणी दिलीच नव्हती.

त्यांचे कान तर पायांहून वरचढ. लोखंडाची वस्तू दिसली की ते बोटाच्या पेरानं तिला टिचकी मारत, कानाशी धरत आणि निकाल देत. निकाल बहुधा एकच असे, "मुकं हाय." बाजारातली पळी मुकी, कुऱ्हाड मुकी, विहिरीवरची बादली मुकी. त्यांच्या मते भट्टीच्या लोखंडात भात्याचा वारा कोंडलेला असतो, म्हणून ते बोलतं. कारखान्याचं लोखंड वाऱ्याविना निपजलेलं, ते काय बोलणार. एका लग्नात आंदणाची भांडी मांडली होती. मामाजींनी रांगेनं सगळ्यांना टिचक्या मारल्या आणि मांडवात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नवरी चांगली हाय. बादली मुकी हाय." नवरीचा बाप वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. माझ्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. तो वाजला की ते ओसरीवरून म्हणत, "रडून राह्यलं पाय, घरची आठवण येऊन राह्यली त्याले." वारा स्टेशनाकडून असला आणि सकाळी गाडीची शिटी ऐकू आली तर थुंकत. एकदा शाळा तपासायला साहेब आले. त्यांची सायकल दाराशी उभी होती. मामाजींनी तिला टिचकी मारली आणि म्हणाले, "साहेब, हे बिमार हाय जी, पुढच्या मानेत." साहेब हसले. दोन मैलांवर सायकलचा पुढचा दांडा मोडला आणि साहेब ती खांद्यावर घेऊन परत आले. त्या दिवसापासून साहेब मला 'तुम्ही मास्तर' म्हणत आणि मामाजींना 'आपण'.

काळ मोजायचं मापही त्यांचं पायांचंच होतं. चहा दोनशे पाय उकळला पाहिजे, भात आठशे पायांत उतरला पाहिजे. त्यांचा मुलगा चांद्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला होता, महिन्याकाठी एकदा घरी येई. तो किती दिवस राहिला असं विचारलं तर मामाजी काही हजारांचा आकडा सांगत. मुलाच्या कामाबद्दल त्यांना आदर नव्हता. "दगडाचा कोळसा कोळसाच नाई," म्हणत. "झाडाचा असते तो कोळसा. झाड उभं राह्यते, मंग जळते. दगड तं आधीपासूनच मेलेला." मुलगा हसत हसत त्यांच्यासमोर खांदा करी, "मारा टिचकी, मुका हाय का पाहा." ते मारत आणि म्हणत, "बोलते. पण बायकोसमोर नाई बोलत." सून आतून म्हणे, "बोलाले जागा ठेवली का तुमी दोघाइनं?"

इथवर सगळं हसण्यासारखं आहे आणि मी इतकी वर्षं लोकांना एवढंच सांगत आलो. पुढचं सांगितलं नाही.

भट्टीची एक रीत होती. पेटवण्याआधी, त्या भट्टीवर आजवर काम करून गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. एक नाव, एक पाय. नाव घेतलं की पाय खाली, मग दुसरा वर, पुढचं नाव, तो खाली. शेवटचं नाव झाल्याशिवाय विस्तव घालायचा नाही. "नाव घेतल्याबिगर भट्टी धरत नाई," मामाजी सांगत. भट्ट्या गेल्या तरी ते दर दसऱ्याला दुपारी त्या काळ्या उंचवट्यावर जात. गावातली पंधरावीस माणसं तमाशा पाहायला जावं तशी जात. मामाजी उभे राहून नावं घेत आणि पाय टाकत. एक्केचाळीस नावं, एक्केचाळीस पाय. दुसरीकडे कुठंही ती नावं नव्हती. भट्ट्यांची नोंद जुन्या सरकारी दप्तरात आहे म्हणतात. कितीचं लोखंड निघे तेही असेल. भात्यावर कोण उभं होतं ते कोणी कशाला लिहील.

मी गेलो त्या पहिल्याच दसऱ्याला विसाव्या नावावर ते अडकले. पाय उचललेला, नाव येईना. पाय खाली टेकवायचा तर नाव हवं. माणसं आधी हसली, मग गप्प झाली. म्हातारा एका पायावर उभा, ओठ हलताहेत, मांडी थरथरते आहे. शेवटी ते "फागू धाकला" असं ओरडले आणि पाय इतक्या जोरात आदळला की मळीचा खडा तळव्यात घुसला. आठ दिवस पाय बांधलेला होता, आणि बांधलेलाही चालूच होता.

त्यानंतर ते माझ्याकडे आले. "गुरुजी, डोकं गळाले लागलं. तुमी लिवून घेता का? मी मेलो तं एकदमच जातीन सारे." मी हो म्हणालो. मी वर्ध्याकडचा, नॉर्मल स्कूल पास झालेला, सुंदर अक्षराचं बक्षीस मिळवलेला. नवी वही घेतली, पट्टीनं रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, गाव, काम. दुपारी शाळा सुटली की मामाजी शाळेच्या पायरीवर बसत, पाय चालवत आणि सांगत. मी पहिलं नाव लिहिलं, गावाच्या रकान्यात गाव, कामाच्या रकान्यात 'भाता'. दुसऱ्या नावापुढं गाव तेच, काम तेच, म्हणून दोन्ही रकान्यांत 'कित्ता' लिहिलं. दप्तरात असंच लिहितात; वरच्यासारखंच असलं की कित्ता. यात काही चूक नव्हती.

पण मामाजी नाव नुसतं सांगत नसत. त्या लोकांची नावं पुष्कळदा वारांवरून आणि महिन्यांवरून ठेवलेली. सोमा, मंगरू, बुधा, सुकरू, फागू, चैतू. एकेका नावाचे चार चार, सोमा तर सात. म्हणून प्रत्येकाला काहीतरी जोडलेलं, आणि ते का जोडलं याची गोष्ट. सोमा खोकल्या होता, तो खोकला की भाता चुकायचा आणि भट्टी त्याच्या खोकल्याच्या तालावर फुरफुरायची. सुकरू डावखोऱ्याला उजव्या पायानं सुरुवातच करता येत नसे, म्हणून त्याच्याबरोबर पाळीला कोणी जात नसे. एका नावाला अर्धा अर्धा तास. अकरा नावांना नऊ दिवस लागले.

दहाव्या दिवशी मी दुपारपासून उकाड्यानं वैतागलो होतो. आदल्या दिवशी माझ्या बदलीचा अर्ज फेटाळून आला होता. हे कारण म्हणून सांगत नाही. अर्ज मंजूर झाला असता तरी मी तेच केलं असतं. मामाजी म्हणाले, "लिवा. सोमा. हा सोमा आखीन येगळा." अकरावाही सोमाच होता. त्याच्या खाली मी नावाच्या रकान्यात कित्ता लिहिलं. या सोमाचं सोमापण कशात वेगळं होतं ते मामाजी सांगत होते आणि मी खिडकीबाहेर पाहत होतो. मग त्यांनी मंगरू सांगितला. माझ्या हातानं पुन्हा कित्ता लिहिलं. ते मी पाहिलं. खोडता आलं असतं. मी पुढच्या ओळीवर गेलो आणि पुन्हा तेच लिहिलं. त्या दुपारी मामाजी भरात होते. गुरुजींचा हात आज न अडखळता चालतोय हे पाहून त्यांना हुरूप आला आणि तीसच्या तीस नावं त्यांनी सांगून टाकली. मी सुंदर अक्षरात, काना-मात्रा न चुकवता, तीस वेळा कित्ता लिहिलं. मला कंटाळा आला होता. एवढंच कारण आहे. पुष्कळ शोधलं, दुसरं सापडत नाही.

मामाजींनी वही दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि जुन्या भात्याच्या उरलेल्या कातड्यात बांधून खुंटीला टांगली. खरं नुकसान त्यानंतर झालं. आधी ते रोज सकाळी पाय चालवताना ती नावं पुटपुटत. आता थांबले. "लिवून झालं, आता डोक्याले सुट्टी," असं सगळ्यांना सांगत. पुढच्या दसऱ्याला नावं बरीचशी तोंडात होती, दोनचार ठिकाणी अडखळले पण निभावलं. वही त्यांनी उघडू दिली नाही. मी घरी येऊन सुटकेचा निश्वास टाकला आणि ठरवलं की एक दिवस बसून नीट लिहून घेऊ. तो एक दिवस वर्षभरात आला नाही.

याच काळात सरकारनं प्रौढांचे वर्ग काढले. बायकांचा वर्ग दुपारी माझ्याकडे होता. मामाजींची सून त्यात सगळ्यांत हुशार. सहा महिन्यांत ती अक्षर लावून वाचू लागली. दिसेल ते वाचायची, काडेपेटी, बिडीचं बंडल, माझ्या खोलीतलं कॅलेंडर. त्यामुळे त्याच्या पुढच्या दसऱ्याला मामाजी काळ्या उंचवट्यावर चढले तेव्हा त्यांच्या मागे वही घेऊन ती होती. डोक्यावरचा पदर नीट केलेला, कुंकू मोठं. चारचौघांत वाचायची तिची ती पहिलीच वेळ. मी छत्रीची मूठ धरून कडेला उभा होतो. निघून जावंसं वाटत होतं आणि गेलो नाही, हे शौर्य नव्हे, पाय उचलला नाही इतकंच.

अकरा नावं मामाजींनी तोंडानं घेतली. बारावा पाय उचलला आणि थांबले. इतके दिवस डोक्याला सुट्टी दिलेली. पुढं काही नव्हतं. "वाच वो," ते म्हणाले.

तिनं ओळीवर बोट ठेवलं. "कि... त्ता."

"का म्हणते?"

"कित्ता, मामाजी."

"हे कोणाचं पोट्टं व्हय बापा?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. पाचसहा जण हसले. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मी पायाखालच्या मळीकडे पाहत राहिलो.

"गुरुजीनं लिवलं हाय?" मामाजींनी सुनेला विचारलं. मांडी थरथरायला लागली होती.

"हो जी. गुरुजीचंच अक्षर हाय."

"मंग असन," ते म्हणाले. "कित्ता." आणि पाय खाली टाकला.

"कित्ता," सुनेनं पुढची ओळ वाचली. पाय खाली. "कित्ता." पाय खाली. सात-आठ झाल्यावर तिचा आवाज बारीक झाला. आपण चुकीचं वाचतोय असं तिला वाटू लागलं होतं, ती बोट मागंपुढं करी आणि पुन्हा तेच वाची. "या कित्त्याचं खानदान गंज मोठं दिसते," मघाचाच माणूस म्हणाला. मामाजी पाय न थांबवता त्याच्यावर खेकसले, "हसून काऊन राह्यला रे? सोमे सात नव्हते का? तसे कित्ते तीस." मग कोणी हसलं नाही. तीस वेळा ते नाव त्या उंचवट्यावर घेतलं गेलं, आणि दर वेळी एक म्हातारा पाय, माणसाला द्यावा तेवढा मान देऊन, खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आलो तर ओसरीवर मामाजी बसलेले आणि पाय थांबलेले. तसं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "तीस माणसं, गुरुजी," ते म्हणाले. "एकाचंबी तोंड डोळ्यापुढं येऊन नाई राह्यलं. याइच्यासंगं बसून जेवलो असन मी. एका भट्टीचा धूर खाल्ला असन. आन पार इसरलो. कोण होता जी थो कित्ता?"

याच्याइतकी सोपी वेळ मला पुन्हा मिळाली नाही. आसपास कोणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

"असेल कोणी," मी म्हणालो. "वय झालं की होतं असं, मामाजी."

त्यांनी मान डोलावली. वय झालं हे त्यांनी माझ्यावर विश्वासून कबूल केलं. कित्ता आठवेपर्यंत तंबाखू सोडली, जी त्यांना भाकरीहून प्रिय होती. आठ दिवस पाय हलले नाहीत. खळग्यांत कोरडी धूळ साचली आणि कोंबड्या तिथं अंग घोळू लागल्या. सून माझ्याकडे येऊन म्हणाली, "गुरुजी, त्याइले समजावा ना. लाजून राह्यले थे, मेलेल्या माणसाइले." मी समजावलं. काय समजावलं ते आठवत नाही, खरं मात्र सांगितलं नाही.

नवव्या दिवशी पाय सुरू झाले. मी शाळेतून आलो तर मामाजींनी दुरूनच हात केला. "आठवला." कित्ता म्हणे उंच होता, भट्टीच्या ज्वाळेचा रंग पाहून सांगायचा की दगड कोणत्या डोंगराचा आहे. मग दुसरा कित्ता आठवला, तो पायलीभर भात एका बैठकीत खाई. तिसरा कित्ता गोंडी गाणी म्हणत भाता दाबी आणि त्याचं गाणं संपल्याशिवाय लोखंड उतरत नसे. एका कित्त्याला वाघानं नेलं. एक कित्ता भट्ट्या बंद झाल्या त्या दिवशी भात्यावरून उतरेचना, जंगलखात्याचा शिपाई खाली उभा राहून ओरडत होता आणि हा थंड भट्टीत वारा घालत होता. मामाजी सांगत आणि पाय चालवत, आणि मी ऐकत असताना माझ्या हळूहळू ध्यानात येऊ लागलं की ही माणसं मामाजींनी रचलेली नव्हती. ती खरीच होती. तेच मंगरू, तेच बुधा, तेच आणखी वेगळे सोमा. नावं गळून गेली होती आणि माणसं नावावाचून हिंडत होती. एकाच नावाचं दार उघडं दिसलं, त्यात सगळी शिरली. हे कळल्यावर तरी मी त्या गोष्टी लिहून घ्यायच्या होत्या. तेही केलं नाही. वहीला हात लावायची मला भीती वाटत होती.

माझ्या पापाचा पत्ता लागला तो दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी. मतदारांच्या याद्या चावडीच्या भिंतीला लावल्या होत्या. मामाजींची सून स्वतःचं नाव वाचायला गेली. नाव सापडलं. पुढं गावाच्या रकान्यात तिनं वाचलं, कित्ता. वर वाचलं, कित्ता. खाली, कित्ता. तिनं पटवाऱ्याला विचारलं, "भाऊ, हे कित्ता सगळ्याच घरात काऊन राह्यते?" पटवारी हसला आणि त्यानं अर्थ सांगितला.

ती सरळ शाळेत आली. मी फळ्यावर उदाहरण लिहीत होतो. दारात उभी राहून तिनं मुलं बाहेर जायची वाट पाहिली. मग म्हणाली, "तीस जागी 'वरच्यावानी' लिवलं तुमी."

मी हो म्हणालो.

"काऊन?"

"कंटाळा आला होता, बाई."

तिला बहुधा काहीतरी मोठं कारण ऐकायचं होतं. "मी सांगतो त्यांना, आज सांगतो," मी म्हणालो. त्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं ते मला अजून दिसतं. "आता नोका सांगू. त्याइले मुश्किलीनं आठवला हाय थो कित्ता. रोज सकाळी त्याच्याशी बोलून राह्यले. आता कित्ताबी घेऊन जासान का?" जाताना ती दाराशी थांबली. "येतो मास्तर," म्हणाली. तिच्या तोंडून मी पाच वर्षं गुरुजी होतो. पुन्हा कधी झालो नाही.

त्याच वर्षी माझी बदली झाली, मी न मागता. पुढच्या उन्हाळ्यात मामाजी बरे नाहीत असा निरोप तिच्या नवऱ्याकडून आला. चांद्याहून गाडीनं, मग नव्या मोटारीनं गेलो. स्टेशनापासून गावापर्यंत आता सडक झाली होती. गावाच्या उशाशी पाहिलं तर काळा उंचवटा नव्हता. सडकेला खडी हवी होती, ठेकेदारानं मळी उचलून नेली होती. मी तिच्यावरूनच आलो होतो.

मामाजी ओसरीत खाटेवर होते. दुपार होती. डोळे मिटलेले, चादरीखाली पाय हळूहळू चालत होते. मी पायथ्याशी बसलो. ते नावं घेत होते. दसरू. सोमा थोरला. बुधा. फागू. सोमा खोकल्या. मंगरू काळा. सुकरू डावखोरा. चैतू. पैकू. बुधा बहिरा. सोमा, शेवटच्या घरचा. ही अकरा नावं मी आज इथं पूर्ण लिहितो आहे. अकराव्यानंतर ते थांबले नाहीत. "कित्ता," म्हणाले आणि पाय हलवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस दारात आल्यासारखं काहीतरी आलं. मी तिथं बसून तीस मोजले. मधेच त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, माझ्या कपाळाला बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि ऐकत राहिले. काय ऐकू आलं ते सांगितलं नाही. निकाल मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय थांबले.

तेराव्याला मी पुन्हा गेलो. पंगती उठल्यावर सून कातड्यात बांधलेली ती वही घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. "पाहा मास्तर, बराबर हाय का." रीतीप्रमाणे भात्याचा माणूस गेला की त्याचं नाव यादीच्या शेवटी जायचं असतं. पण सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं. "तोंडानं घ्यायचं नाई," ती म्हणाली. "लिवाले कोणी मनाई केली?" मी वही उघडली. वर माझी अकरा सुंदर नावं. मग माझे तीस सुंदर कित्ते. आणि त्याखाली, बेचाळिसाव्या ओळीत, वाकड्या, टेकू दिल्यासारख्या उभ्या अक्षरांत मामाजींचं नाव. ते मी इथं लिहीत नाही. ज्या हातानं ते लिहायला हवं होतं त्या हातानं लिहिलं आहे. गावाच्या रकान्यात तिनं गावाचं पूर्ण नाव लिहिलं होतं. कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'भात'.

बरोबर आहे असं म्हणून उठता आलं असतं. तेच माझ्या तोंडाशी आलंही होतं.

"एक काना राहिला, बाई," मी म्हणालो.

तिनं वही ओढून घेतली, ओठ हलवत वाचलं आणि हसली. त्या घरात त्या दिवसातलं ते पहिलं हसू. "थे बी चाललं असतं. भातबी गंज आवडे त्याइले." मग माझ्या खिशातलं पेन घेऊन तिनं त्या 'त'ला काना दिला. तो इतका लांब ओढला की खालच्या कोऱ्या ओळीत उतरला.